फ्लॅटचं बुकिंग की चपलांचं वर्कशॉप? घरात माझ्या स्वप्नाचा नंबर कितवा?

कापशीवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, वय ३६. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. नवरा गोकुळ शिरगावला. मुलगा पाचवीत, सासूबाई आमच्याजवळच. भाड्यानं राहतो. दोघांचे पगार, माझी भिशी, बोनस असं करत सात लाख साठलेत. पाचगावला एक फ्लॅट बघितलाय आणि बिल्डर म्हणतोय दिवाळीच्या आत बुकिंग करा, नंतर रेट वाढणार. (तो दर दिवाळीला हेच म्हणत असणार, पण असो.)

आता दुसरी बाजू. माझे वडील, अण्णा, सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करतात. आजोबांपासूनचं काम. अण्णांनी मला लहानपणी रापीला, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराला, हात लावू दिला नाही. "तू शिक, खुर्चीवर बस," एवढंच. मी शिकले, खुर्चीवर बसले. पण हात शिवशिवायचे ते थांबले नाहीत. आता रविवारी त्यांच्याशेजारी बसते. दोघांनी मिळून बायकांसाठी एक हलकी जोडी बसवलीय: तळाचे पदर कमी, आत मऊ गादी, वरची वेणी बारीक, बाजूचे कान छोटे. ऑफिसला रोज घालता येते, बसथांब्यापर्यंत पळता येतं, आणि पायाचा नंबर पक्का. ऑफिसातल्या बायकांनी घेतल्या, मग त्यांच्या बहिणी-जावांनी मागवल्या. मला हे नीट जागा घेऊन, माझ्या नावानं करायचंय.

घरात विषय काढला की कुणी नाही म्हणत नाही. सगळे ऐकतात, मान डोलावतात आणि "आधी फ्लॅट होऊ दे, मग बघू" म्हणतात. त्याआधी "बाळ शाळेत जाऊ दे, मग बघू" होतं. फ्लॅट झाला की वीस वर्षांचे हप्ते. मग माझा नंबर कधी?

"मनाचं ऐक" असं कृपा करून सांगू नका. मन रोज बोलतंयच. पैसे किती घालायचे, कशात घालायचे आणि घरात हे कसं मांडायचं, यावर बोला.

गंगावेशकर
नाद खुळा ताई! घाला पैसे बिनधास्त. आपल्या गावात स्वप्नासाठी लोकांनी घरं गहाण टाकलीत, तुम्ही फ्लॅटचं काय घेऊन बसलाय.

खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. गडी ब्राँझ घेऊन आला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्या वेळी कुणी म्हटलं का, "आधी घर, मग बघू"?

पेठेतला_सीए
गंगावेशकर, गोष्ट खरी आहे आणि मलाही ती ऐकून दरवेळी भरून येतं. पण पदक आलं म्हणून ती आपल्याला माहीत आहे. घर गहाण टाकलं आणि पदक आलं नाही, अशा माणसांचे सत्कार होत नाहीत. आमच्या टेबलावर मात्र त्यांच्या फायली येतात. आणि खर्डेकरांनी घर टाकलं ते स्वतःचं, दुसऱ्याच्या पोरासाठी. तुम्ही ताईंना सासूच्या डोक्यावरचं छप्पर टाकायला सांगताय.

कापशीवाली, तुमच्या प्रश्नाकडे येतो. सात लाख हा एक आकडा म्हणून बघू नका. घरखर्च, शाळेची फी, सासूबाईंची औषधं धरून सहा महिने चालेल एवढी रक्कम आधी बाजूला काढा. ती फ्लॅटचीही नाही आणि चपलांचीही नाही. उरलेल्यावरच भांडायचं.

दुसरं म्हणजे सगळं भांडवल स्वतःच्या खिशातून कशाला? पीएमईजीपी बघा, म्हणजे नवीन उद्योगाला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणारी केंद्राची योजना. महिला अर्जदाराला स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते, हातात येत नाही, हे आधीच समजून घ्या. जागा विकत घेतली तर तिची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, शेड किंवा भाडं धरता येतं. म्हणजे तेच वर्कशॉप महापालिकेच्या हद्दीत टाकलं तर एक हिशेब आणि हद्दीबाहेर उचगावात टाकलं तर दुसरा. इतकी वर्षं हद्दवाढीवरून भांडण चाललंय, त्याचा कुणाला तरी फायदा होऊ दे.

गंगावेशकर
हद्दवाढीचा विषय काढू नका राव, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि ताई राहतील बाजूला.

शिरोलीचा_फिटर
ताई, आपण एकाच एमआयडीसीतले. माझं मत जरा वेगळं.

नोकरी सोडायची भाषा इतक्यात करू नका. तुम्ही केली नाही, पण पुढचे प्रतिसाद तिकडंच जाणार म्हणून आधीच सांगतो. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ मारलं, तेव्हा तो रेल्वेत टीसी होता. २०१५ पासून नोकरी करत नेमबाजी केली. पगार येत होता म्हणून रायफल हातात राहिली.

आणि मशीन घेऊ नका. माझा धंदाच मशीनचा, तरी सांगतोय. नवा माणूस पैसे हातात आले की पहिलं मशीन घेतो, कारण ते दिसतं, पूजा करता येते, पाहुण्याला दाखवता येतं. क्लिकिंग प्रेस (कातडं कापायचं), स्कायव्हिंग मशीन (कड पातळ करायचं) ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून जॉबवर्क करून घ्या. नंबराप्रमाणे डाय, म्हणजे कापायचे साचे, तेवढ्या स्वतःच्या करा. डाय तुमची असली की माप तुमचं.

मावशी_कागल
पोरी, सगळे पैशाचं बोलायला लागलेत. मी वेळेचं बोलते.

मी घरी शिलाई करत पोरं मोठी केली. बाईनं धंद्यात पैसा घातला तर घर दोन दिवस बोलतं. वेळ घातला तर रोज बोलतं. तू रविवारी अण्णांकडं जातेस, तेव्हा घरातले काय समजतात? माहेरी गेली. कामाला गेली असं कुणी समजत नाही. मग कुणाकडं जेवण आलं, कुणाची मुंज आली, सासूबाईंना अंबाबाईला जायचं झालं की पहिला रविवार तुझाच कापला जाणार. कारण तो कामाचा दिवस आहे हे तू कधी सांगितलंच नाहीस.

आधी तो वार पक्का कर. सकाळी ९ ते २, डबा घेऊन जायचं. तोंडानं सांग, "मी कामावर चाललेय." ह्याला एक रुपया लागत नाही, पण सांगून बघ, सात लाखापेक्षा जड जातं का नाही ते.

कापशीवाली
मावशी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मागच्याच रविवारी नणंदेकडं डोहाळजेवण होतं आणि मी एका शब्दानं बोलले नाही.

सीए साहेब, ५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. मला वाटायचं कर्ज म्हणजे निम्मे तरी आपले लागणार.

बाभळीचं_साल
मी ह्याच धंद्यातला, म्हणून थोडं कडू बोलतो. राग मानू नका.

कोल्हापुरीला आज कौतुक खूप आहे. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारख्याच चपला चालल्या, तेव्हा अख्खा महाराष्ट्र आठवडाभर कोल्हापुरीवर बोलत होता. त्या आठवड्यात बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी जोडी घेतली, विचारू नका. कौतुकावर तळ शिवता येत नाही.

कच्चा माल बघा. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गाय-बैलाचं कातडं इथं मिळणं बंद झालं. म्हशीचं मिळतं, बाकी चेन्नईकडून येतं. बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेलं खरं कातडं मागाल तर वेळ लागतो आणि भाव द्यावा लागतो. बाजारात रासायनिक पकवलेलं स्वस्तात मिळतं, आणि गिऱ्हाइकाला रंग सारखाच दिसतो. हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि एकदाच.

पावसाळा बघा. जून ते सप्टेंबर आपला माल कुणी घालत नाही. कातडं पाण्यात फुगतं, कपाटात ठेवलं तर बुरशी धरतं. म्हणजे आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं आणि पावसाळ्यात दिवाळीचा माल करून ठेवायचा. तो माल ठेवायची जागा कोरडी पाहिजे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. भाडं कमी आहे म्हणून दुधाळी, सुतारवाड्याकडं गाळा घेऊ नका, एवढंच सांगतो.

आणि सगळ्यात मोठं दुखणं नंबर. अण्णांसारखा जुना कारागीर नजरेनं कापतो. त्यांची ७ नंबरची एक जोडी आणि दुसरी जोडी यात दोऱ्याएवढा फरक पडतो. दुकानात गिऱ्हाईक घालून बघतं, चालून जातं. ऑनलाइन विकलं की तीच जोडी परत येते, आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या अंगावर. नवी कोल्हापुरी चावते, तेल लावून दोन दिवस घरात घालायची असते, हेसुद्धा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते फोटो काढून "डिफेक्टिव्ह" म्हणून पाठवतात.

तुमचं "नंबर पक्का" हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. खरंच पक्का असेल तर तुमच्याकडं धंदा आहे. नसेल तर अजून हौस आहे.

कापशीवाली
राग कसला, उलट हेच हवं होतं. नंबरासाठीच मी अण्णांशी भांडते. मी पुठ्ठ्याचे साचे केलेत. ते साचा ठेवतात, कडेनं रेघ ओढतात आणि कापताना रेघेच्या आतून जातात. विचारलं तर म्हणतात, "इथं कातडं ताणणार आहे, तुझ्या पुठ्ठ्याला ते कळतंय व्हय?" आणि घातल्यावर त्यांचंच बरोबर निघतं! पोटाकडचं कातडं ताणतं, पाठीकडचं नाही. आता मी पोटाचं कातडं तळाला वापरतच नाही, तेव्हा कुठं माप जुळायला लागलंय. वाया जातं बरंच. ते दर ठरवताना धरलंय.

बाभळीचं_साल
हे तुम्ही स्वतः शोधलंत? मग माझ्या आधीच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागं घेतो.

एक काम करा. अण्णांच्या नावानं पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. हातानं काम करणाऱ्या चर्मकारांना त्यात घेतात. ट्रेनिंग, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख. एका कुटुंबात एकालाच मिळतं, पण त्यात नवरा-बायको आणि लग्न न झालेली मुलं धरतात. तुमचं लग्न झालंय, म्हणजे अण्णांनी घेतलं तर तुमच्या पीएमईजीपीला अडत नाही. जीआयचा शिक्का वापरायचा तर ऑथराइज्ड युजर म्हणून वेगळी नोंदणी लागते, तीही अण्णांची आधी करा. कागदावर कारागीर तेच.

पेठेतला_सीए
बरोबर. जीएसटीचं पण लिहून ठेवतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के. ऑनलाइन विकणार असाल तर सुरू करण्याआधी कुणाकडं तरी बसून नीट विचारा, नंतर निस्तरत बसू नका.

जुना_बुधवार
मला एक वेगळीच गोष्ट आठवतेय. गंगाराम कांबळेंची. कोल्हापूरकरांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण सगळे ती समतेची गोष्ट म्हणून सांगतात आणि त्यातला धंदा कुणी बघत नाही.

गंगाराम सरकारी पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना सांगितलं, स्वतःचा धंदा कर. पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. स्वच्छ, टापटीप, चहाही चांगला. आणि गिऱ्हाईक? शून्य. त्या काळात अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी आणखी पैसे पाठवले नाहीत. गाडी हॉटेलासमोर उभी करून स्वतः चहा मागवून प्यायले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावला. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मग हॉटेल चाललं.

ताई, भांडवलानं हॉटेल उघडलं, चाललं ते उघड उघड चहा पिणाऱ्या माणसांमुळं. तुमच्याकडं ऑफिसातल्या बायका आहेत, त्यांच्या जावा आहेत. त्या दुसऱ्यांदा पैसे देऊन घेतायत का, आणि ओळखीची नसलेली बाई घेतेय का, ते आधी बघा. तिथं पैसे घाला. चार प्रदर्शनांचे स्टॉल, बरे फोटो, परत आलेली जोडी हसत बदलून द्यायची ऐपत. शेड नंतर.

मावशी_कागल
हे लाखाचं बोललात दादा.

रंकाळा_संध्याकाळ
थोडं नावडतं विचारू? हे स्वप्न तुमचं आहे की अण्णांचं अपुरं राहिलेलं? पोरीनं ह्या कामातून बाहेर पडावं म्हणून त्या माणसानं आयुष्य घालवलं. तुम्ही परत त्याच पाटावर बसताय, ह्यानं त्यांना काय वाटतं, विचारलंय का कधी?

कापशीवाली
विचारलंय. पहिल्यांदा आठवडाभर बोलले नाहीत. त्यांना ह्या कामाची नाही, ह्या कामावरून लोकांनी जे ऐकवलं त्याची चीड आहे. त्यांना दुकानाच्या पायरीवर उभं करून, चपलेला बोट न लावता भाव पाडणारे व्यापारी मी लहानपणी बघितलेत. म्हणूनच मला माल दुकानदाराला टाकायचा नाहीये. चपलेवर नाव आमचं असणार आणि भाव आम्ही सांगणार. हे त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मग हिशेब तू ठेवायचास, मला तेवढंच जमलं नाही." मी खुर्चीवर बसून तेवढंच तर शिकलेय.

शिरगाव_शिफ्ट
नमस्कार. मी इथं नवीन सभासद. मीच तो नवरा.

बायको जेवताना फोनकडं बघून हसत होती म्हणून विचारलं, तर तिनं धागाच हातात दिला. सगळा वाचला. आईलाही मोठ्यानं वाचून दाखवला, मावशींचा प्रतिसाद दोनदा.

माझी बाजूही ऐका. मी फ्लॅट फ्लॅट करतो कारण अकरा महिने झाले की आमचा घरमालक दारात उभा असतो. सामान बांधायचं, पोराची रिक्षा बदलायची, आईला नवीन शेजार. मला स्वप्न नाही असं नाही, माझं स्वप्न एक पक्का पत्ता आहे. ते साधं आहे म्हणून त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढंच.

पण हिला सांगितलंय की नंबर लावायचा तर दोघांचा एकाच रांगेत लावू. आणि डोहाळजेवणाचं मला खरंच लक्षात आलं नव्हतं.

गंगावेशकर
भावा, जिंकलास! मिसळ माझ्याकडून.

पेठेतला_सीए
दाजी, बिल्डरला सांगा गुढीपाडव्याला बघू. रेट वाढला तर वाढला, रिकामे फ्लॅट पाचगावात पुष्कळ आहेत.

कापशीवाली
दोन दिवस घरात बसून बोललो. काय ठरलं ते लिहिते, इतक्या लोकांनी वेळ दिलात म्हणून.

दोन लाख बाजूला, त्याला कुणी हात लावायचा नाही. तीन लाख फ्लॅटच्या नावानं एफडीत, बुकिंग यंदा नाही. दोन लाख माझे. "माझे" हा शब्द नवऱ्यानं वापरला, सासूबाईंनी फक्त "हिशेब दाखवत जा" म्हटलं. तो मी अशीही दाखवणार होते.

दोन लाखांत मशीन नाही. पाच नंबरांच्या डाय, पावसाळ्याआधीचं कातडं, आणि ह्या हंगामात जमतील तेवढी प्रदर्शनं. अण्णांच्या घराची मागची खोली हेच वर्कशॉप, भाडं म्हणून त्यांना दर महिन्याला ठरलेली रक्कम. नको म्हणत होते. मी म्हटलं, भाडं हिशेबात आलं नाही तर जोडीचा खरा दर कळणार कसा? तेव्हा गप्प बसले. पीएमईजीपीचा अर्ज पुढच्या वर्षी, अनोळखी बायका परत येतायत असं दिसलं तरच.

रविवार ९ ते २ पक्का. ह्या रविवारी सासूबाईंनी डबा भरून दिला. त्यात पोळीबरोबर सल्लाही होता, की गादी जरा जाड कर, म्हाताऱ्या बायकांच्या टाचा दुखतात. करून बघतेय.

रंकाळा_संध्याकाळ
शुभेच्छा. माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलंत, आवडलं. एक जोडी मलाही हवीय. पण माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळं तयार चप्पल कधीच नीट बसत नाही. पुण्यात असते, माप कसं पाठवू?

कापशीवाली
दोन्ही पायांचं वेगवेगळं पाठवा, तसं करून देऊ. संध्याकाळी माप घ्या, दिवसभर चालून पाय थोडा पसरलेला असतो. कागदावर पूर्ण वजन देऊन उभं राहा आणि पेन दुसऱ्या कुणाकडून फिरवून घ्या, स्वतः वाकलात की टाच सरकते. पेन सरळ उभं धरायला सांगा. तिरपं धरलं तर अर्धा नंबर इकडचा तिकडं होतो.

बाभळीचं_साल
आणि अंगठ्याचा घेर दोऱ्यानं मोजून त्याच कागदावर लिहायला सांगा. तो सगळे विसरतात.